नावडत्या पुस्तकांचे तिवारीजी

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात. आमच्याकडे तर पाच मिनिटांत सोयरिकीपर्यंत मजल जाते. तिवारीजींनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "मास्तर, तुमी काय वाचत नाई?"

आर्वीच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. कापडाच्या एका दुकानावरच्या माडीत गावाचं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक बाक आणि वर्तमानपत्रासाठी भांडणारे चार म्हातारे. मी कवितांच्या कपाटापुढे उभा होतो. शेजारी बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला आणि त्यानं हा प्रश्न टाकला. मला वाटलं, गृहस्थ हिंदी दिसतात, बोलताना चुकले असतील. मी मास्तरी सुरात सुधारलं, "काय वाचता, असं म्हणायचंय ना?"

"नाई नाई. वाचता काय, ते तं दिसूनच राह्यलं," माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट करून ते म्हणाले. "वाचत काय नाई, ते सांगा."

तेव्हा मला कवितेशिवाय दुसरं काही वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटे. मी नाक वर करून म्हणालो, "रहस्यकथा. खून, दरोडे, काळे बुरखे, असलं मी वाचत नाही."

"वा! वा!" तिवारीजी इतके खूश झाले की जणू मी त्यांना जेवायलाच बोलावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात हजर. एका हातात सायकल, दुसऱ्या काखेत जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन रहस्यकथा.

तिवारीजी मूळचे सागरकडच्या एका खेड्यातले. त्या काळी आमचा प्रांत अर्धा हिंदी, अर्धा मराठी होता आणि राजधानी नागपूरला होती. त्यामुळे सागरचा कारकून आर्वीला येऊन पडे आणि आर्वीचा रायपूरला. तिवारीजी ऐन विशीत आर्वीच्या तहसील कचेरीत आले आणि इथेच रमले. बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. मूलबाळ नव्हतं. गावी भाऊ शेती करत. मराठी ते शिकले कचेरीतल्या चपराशांकडून आणि बाजारातल्या बायांकडून, त्यामुळे त्यांची मराठी चोख आर्वीची होती. आम्ही मास्तर मंडळी शाळेत 'मला-तुला' अशी इस्त्री केलेली भाषा बोलायचो आणि हा सागरचा ब्राह्मण आमच्या ओट्यावर बसून बिनदिक्कत 'मले-तुले' करायचा. ऐकायला फार गोड वाटायचं.

पुस्तक देताना त्यांची एक अट असे. "पन्नास पानं तोंडाले कुलूप. त्याच्या आंदर नाव ठेवाचं नाई." आणि दुसरी अट म्हणजे, घेतलं तर द्यायचंही. तेही आपल्या आवडीचं आणि समोरच्याच्या नावडीचं. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, लोकांना जे आवडतं ते द्यावं की! हा कुठला उलटा कारभार?" तर म्हणाले, "देखो मास्तर, जे आवडते ते तं मानूस सोताच्या हातानं घेतेच. मंग दोस्ताचं काम काय? न आवडनारं आनून देनं."

मी त्यांना माझा लाडका कवितासंग्रह दिला. चार दिवसांनी परत आणला. "कवी बिमार होता का?" त्यांनी विचारलं.

"का बरं?"

"पानापानावर रडून राह्यला ना! पन एका जागी बरं रडला. तिथं मीबी रडलो."

कोणती ती जागा, हे त्यांनी दाखवलं. मी तो संग्रह पाठ केला होता, पण त्या कवितेवर कधी थांबलो नव्हतो. बाप गेल्यावर त्याच्या वहाणा दारात तशाच राहिल्या आहेत, एवढीच साधी कविता होती. आणि मी? मी त्यांच्या रहस्यकथांतली एक तुच्छतेनं उघडली खरी, पण दुसऱ्या दिवशी वर्गात चंद्रोदयाचं वर्णन शिकवताना माझं सगळं चित्त तिच्यातल्या पडद्याआड उभ्या असलेल्या माणसाकडे लागलं होतं. मुलांनी ते ओळखलं असावं.

तिवारीजी आमच्याकडे येऊ लागले तेव्हा माझी बायको कमल त्यांच्यासमोर फारशी येत नसे. तिचं माहेर मुलताईचं. चातुर्मासातल्या कहाण्यांची पोथी तेवढी ती वाचायची. एकदा चहाची कपबशी घ्यायला ती दारापर्यंत आली, तर तिवारीजींनी तिलाही तोच प्रश्न केला. "वहिनी, तुमी काय वाचत नाई?"

"मले वाचाले येळ कुठी हाय?" आतून उत्तर आलं.

"येळेचं मंग पाहू. वाचत काय नाई, ते सांगा."

आत बराच वेळ भांडी वाजली. मग ती म्हणाली, "ते देशोदेशी फिरनाऱ्याइची पुस्तकं. कोन कुठी गेलतं न् काय पाह्यलं, आपल्याले काय करा लागते त्याचं?"

मला तर हिला एवढंही मत असेल हे ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आमच्या पिढीतल्या नवऱ्यांना अशी सवय नव्हती. पुढच्याच रविवारी तिवारीजींनी एक जाडजूड प्रवासवर्णन आणलं. लेखक बर्फाच्या डोंगरांतून कुठल्या कुठे गेला होता. कमलनं ते फोडणीला तेल तापेपर्यंत, पोळी फुगेपर्यंत, मिळेल तेव्हा वाचलं. वाचून झाल्यावर ती प्रथमच ओट्यावर येऊन बसली आणि चांगलीच तणतणली. "भाऊजी, हा मानूस एवढा फिरला, लोकाइच्या घरी राह्यला, जेवला. पन त्या बाया सैपाक कायच्यावर करत, जळतन कुठून आनत, हे एका अक्षरानं लिवलं नाई. कोनाच्या चुलीत डोकावला नाई तं कायले गेलता तिकडं?"

तिवारीजी मांडीवर थाप मारून हसले. त्यांना पुस्तक आवडलं म्हणणाऱ्यापेक्षा पुस्तकाशी भांडणारा माणूस फार प्रिय. त्या दिवसापासून ते आमच्या घरात 'भाऊजी' झाले आणि कमलनं आपली पोथी त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती मन लावून वाचली. त्या कहाण्यांची चाल त्यांना भलतीच भावली. "काय सरकते गोठ, वहिनी! एक राजा होता, त्याले दोन राण्या होत्या, झालं, बसा आता. दुसरा लिवनारा असता तं राजाच्या मिशाच दहा पानं सांगत बसला असता."

एक खोड मात्र त्यांची आम्हा सगळ्यांना छळायची. पुस्तक देण्याआधी ते त्याची गोष्ट सांगायचे. रंगवून, हातवारे करून, आवाज बदलून सांगायचे आणि ऐन गाठ पडली की थांबायचे. पुस्तक पुढे करायचे. "पुढचं याच्यात हाय. वाचा." कितीही गळ घाला, एक शब्द सांगणार नाहीत. एकदा नायिकेला विहिरीच्या काठावर उभं करून ते असेच थांबले. कमल म्हणाली, "ते पडली का वाचली, ते सांगतल्याबिगर आज चहा नाई." तिवारीजींनी पुस्तक ओट्यावर ठेवलं, टोपी सारखी केली आणि चहा न घेताच सायकल धरून निघून गेले. ती रागारागानं वाचायला बसली आणि माझ्या पोळ्या करपल्या.

आमच्या या अदलाबदलीत तिसरे होते माझ्या शाळेतले इतिहासाचे मास्तर, मेश्राम. शांत, मोजकं बोलणारे. ते इतिहास आणि कायदा यांखेरीज काही वाचत नसत. "घडलं नाई ते कायले वाचा?" असं म्हणत. तिवारीजींनी त्यांना भुताची कादंबरी दिली. मेश्रामांनी ती शिस्तीत वाचून परत केली आणि निकाल दिला, "भूत खोटं हाय. पन त्या घरातल्या म्हाताऱ्यानं पुतन्याचं शेत दाबलं, ते खरं हाय. असे तीन दावे आपल्या आर्वीत चालून राह्यले." यावर तिवारीजी कितीतरी दिवस खूश होते.

छप्पन साली दसऱ्याला मेश्राम नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा पांढरे स्वच्छ कपडे घातले होते आणि ताठ बसले होते. नेहमीसारखं बोलणं सुरू होईना. कोनाड्यात कमलची पोथी होती आणि आम्हा सगळ्यांचीच नजर उगाच तिकडे जात होती. मग तिवारीजींनी आपला जुना प्रश्न हलक्या आवाजात विचारला, "मेश्रामजी, आता तुमी काय वाचत नाई?"

"आता पोथ्या नाई, तिवारीजी," मेश्राम म्हणाले. "लय पिढ्या दुसऱ्याइनं आमाले आयकवल्या. आता आमी आमचं वाचू."

मी पाहत होतो. तिवारीजींचा कायदा असा की ज्याला जे नको, तेच त्याच्या हाती ठेवायचं. पण त्यांनी कोनाड्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "बरोबर हाय. मंग या खेपेले मी देत नाई. तुमचं तुमी मले द्या." मेश्रामांनी पिशवीतून बुद्धाच्या उपदेशाचं एक लहानसं पुस्तक काढून त्यांच्या हातावर ठेवलं. कमलनं सगळ्यांना चहा आणला. तिवारीजी मला त्या दिवशी जेवढे आवडले, तेवढे कधी आवडले नव्हते.

त्याच दिवसांत राज्यांच्या सीमा बदलल्या. आम्ही जागचे हललो नाही आणि मुंबई राज्यात जाऊन पडलो. कमलचं माहेर मध्य प्रदेशात राहिलं. मुलताईला कोणी आजारी पडलं तर आता परराज्यात जावं लागणार, म्हणून ती हळहळली. पण खरा घाला तिवारीजींवर आला. हिंदी भागातल्या सरकारी नोकरांनी हिंदी राज्यात जावं आणि मराठी भागातल्यांनी इकडे यावं, असं ठरत होतं. तिवारीजी सागरचे, त्यांना जावं लागणार हे उघड होतं.

त्यांनी इथेच राहू द्यावं म्हणून अर्ज केला. कचेरीत सगळे हसले. माणसं घरी जायला धडपडतात, हा परमुलखात राहायला धडपडतो. आमच्या ओट्यावर मात्र ते एकदाच सरळ बोलले. "मास्तर, मले जायाचं नाई. घर तिकडं असनं, पन मले वळखनारे इथं हायेत. तिकडं भावाइच्या घरी मी कोन? महिन्याले पैसे धाडनारा. पुस्तकाची गोठ कोनाजवळ करू? बैलाजवळ?"

कळलं ते असं की एक मोठे साहेब आर्वीला येणार, डाक बंगल्यावर उतरणार आणि अर्जदारांना मराठीत काम जमतं की नाही ते स्वतः पाहणार. झालं, आमच्या ओट्यावर शाळा भरली. मी त्यांच्याकडून कविता म्हणवून घेतल्या, उच्चार घासूनपुसून लख्ख केले. मेश्रामांनी कायद्यातले शब्द पाठ करून घेतले. कमल म्हणाली, "तुमच्यानं त्याइची जीभ आखडली. सरळ बोलनं कहाण्यांमधी असते," आणि तिनं पोथीतल्या कहाण्या त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा वदवल्या. कचेरीची मराठी कुणीच शिकवली नाही. शिकवणार कशी? कचेरी तोवर इंग्रजीत चालायची. ती मराठी असते कशी, हे आम्हालाच कुठे ठाऊक होतं!

त्या सकाळी मी आणि मेश्राम डाक बंगल्याच्या व्हरांड्यात उभे होतो. दार उघडं होतं. साहेब मुंबईकडचे, वयस्क आणि सभ्य वाटले. त्यांनी तिवारीजींपुढे एक फाइल ठेवली. कुठल्याशा गावच्या पाटलानं शेताकडे जायची पांदण नांगरून आपल्या वावरात घातली होती, तिचं प्रकरण होतं. "वाचा," साहेब म्हणाले, "आणि मला तोंडी अहवाल द्या. मराठीत."

तिवारीजींनी फाइल वाचली. टोपी सारखी केली. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला बाहेरून दिसत होती. त्यांनी सुरुवात केली.

"एक गाव होतं. तिथं एक पाटील होता. त्याले वावर होतं, बैल होते, कायची कमी नव्हती. पन त्याले पांदनीचा मोह पडला. त्यानं काय केलं, आखाडी झाल्यावर नांगर आनला, पांदन मोडली. गावची गाडी अडली. पोटुशी बाई गाडीत होती, ते चिखलात उतरली. गावाले कोप आला. मानसं काठ्या घेऊन पाटलाच्या दारी गेली. पाटील दारात आला. त्याच्या हातात..."

तिवारीजी थांबले. साहेब खुर्चीत पुढे झुकले होते. "हं? हातात काय? पुढे काय झालं?"

आणि तिवारीजींनी ती फाइल दोन्ही हातांनी अदबीनं पुढे केली. "पुढचं याच्यात हाय, साहेब. वाचा."

मेश्रामांनी कपाळाला हात लावला. मग साहेब जे हसत सुटले, ते डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांनी तिवारीजींना बसवून चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, "असा अहवाल मी जन्मात ऐकला नाही," असंही म्हणाले. आम्हाला वाटलं, जिंकलं. तिवारीजी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. पण साहेबांना गोष्ट आवडली होती, कारकून हवा होता तो दुसराच. थोड्याच दिवसांत हुकूम आला. रीवा.

सागरसुद्धा नाही, त्याच्याही कितीतरी पलीकडे. रीवा आमच्यापैकी कुणी नकाशातही नीट पाहिलं नव्हतं.

कमलनं ते स्वतःला लावून घेतलं. "मीच त्याइले कहाण्या शिकवल्या," एवढंच म्हणायची. तिवारीजींच्या कानावर ते गेलं तेव्हा ते मुद्दाम येऊन म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी जितकं झकास बोललो, तितकं जिंदगीत बोललो नाई. त्याचा मले पस्तावा नाई. तुमीबी करू नका."

त्यांना निरोप द्यायला आम्ही हमरस्त्यावरच्या तळेगावपर्यंत गेलो. नागपूरची मोटार तिथून मिळायची. त्या दिवशी तळेगावचा बाजार होता. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, रस्त्याकडेला ट्रक थांबवून चहा पिणारे पंजाबी. तिवारीजींनी आपली सगळी पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली होती. एक ट्रंक आणि वळकटी, एवढंच सामान. मेश्रामांनी त्यांना मिठी मारली. मी काही तरी चांगलं बोलावं म्हणून वाटभर शब्द जुळवत आलो होतो, पण मोटार आली आणि मी फक्त ट्रंक वर चढवू लागलो. कविता शिकवणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. गाडी सुटली आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांदेखत रडलो.

पुढे पत्रं यायची. आधी वरचेवर, मग सणावारी. रीव्यात त्यांना बढती मिळाली होती. आम्ही त्यांना पुस्तकं पाठवायचो, ते आम्हाला पाठवायचे. पण टपालानं आलेलं पुस्तक गोष्ट सांगून ऐन गाठीवर थांबत नाही. ओट्यावर रविवारी मी आणि मेश्राम बसायचो आणि बोलता बोलता दोघांचीही नजर रस्त्याकडे जायची. कुणी सायकल हाती धरून येताना दिसलं की आम्ही अर्धे उठायचो. मग जवळ आल्यावर कळायचं, दुसराच कुणी आहे. आजही मला एखाद्या गावात नवं वाचनालय दिसलं की त्या माणसाची इतकी आठवण येते की आत पाऊल टाकवत नाही.

एके दिवाळीत त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. चाचाजी गेले, थोड्याशा तापाचं निमित्त झालं, असं त्यात हिंदीत लिहिलं होतं. मी ते कमलला वाचून दाखवलं. मेश्रामांकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट कमल मला अधूनमधून सांगते. मी तेव्हा तिथे नव्हतो. ते शल्य माझ्या मनातून जात नाही. ती आमच्या मुलाला घेऊन माहेरी गेली होती. एका दुपारी तिवारीजी मुलताईच्या घरी येऊन उभे राहिले. रीव्याहून निघून, इटारसीला गाडी बदलून आले होते. कुठलं काम नव्हतं. माझ्या पत्रातून त्यांना कळलं होतं की ती तिथे आहे. फार वाळले होते, म्हणते.

तिनं पाणी दिलं, चहा केला. हातात पिशवीही दिसेना, म्हणून विचारलं, "भाऊजी, पुस्तक नाई आनलं?"

"नाई वहिनी. किताबा तं तिकडंबी भेटतेत. तुमी बोला."

"काय बोलू?"

"काईबी. मराठीत बोला."

ती अंगणात लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसली होती. फोडता फोडता बोलत राहिली. विहिरीचं पाणी कसं खाली गेलं, मुलाचं गणित कसं कच्चं आहे, माझा खोकला कसा जात नाही, मेश्रामांच्या लेकीचं लग्न कसं झालं, आर्वीच्या बाजारात कापसाला भाव कसा नाही. तिवारीजी भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मधे तिला वाटलं झोपले. ती गप्प झाली तर त्यांनी डोळे उघडले. मग ती पुन्हा बोलू लागली. असं उन्हं उतरेपर्यंत चाललं.

गाडीची वेळ झाली तेव्हा ते उठले. फाटकाशी जाऊन म्हणाले, "तिकडं मले सगळे बडेबाबू म्हनतेत, वहिनी. मान देतेत. पन भाऊजी कोनी म्हनत नाई."

ती एवढंच म्हणाली, "परत येजा, भाऊजी."

ते चार पावलं गेले आणि परत वळले. "आनखी एक डाव म्हना."

हिनं पुन्हा म्हटलं. मग ते स्टेशनाकडे निघाले आणि ही हातातल्या कैरीसकट फाटकात उभी राहिली.